रुखमाबाईचं नाव

दोन हजार सहा साली दिवाळीच्या आधी फादर मथायस यांची बदली झाली आणि मारेगावकडच्या त्या लहानशा चर्चमध्ये फादर सिरिल आले. जुने फादर जीपमध्ये बसताना धावजीला म्हणाले, "नव्या फादरांना सगळं दाखव. काही लपवू नको." जीप गेली तरी धावजी फाटकापाशीच उभा होता. बायको गेल्यापासून त्याच्याशी रोज दोन शब्द बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

धावजी बावीस वर्षं चर्चची घंटा वाजवत होता, वेदी मांडत होता. त्यानं नव्या फादरांना घरं दाखवली. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाच्या घरी चहा नाकारला तर राग येतो, तेही सांगितलं. कब्रस्तान मात्र टाळलं. वाटेत चिखल आहे म्हणाला. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते.

मग फादर म्हणाले, "दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. नोंदवहीतून नावं उतरवून द्या. एकेक नाव घेऊन कबरींवर पाणी शिंपडू."

नोंदवहीत त्याची बायको रुखमाबाई नव्हती. आर्णीच्या बौद्ध घरातली ती. तिनं बाप्तिस्मा घेतलाच नाही. प्रत्येक फादरनं विचारलं की ती हसून म्हणायची, "दीक्षा माह्या बापानं घेतली, फादर. एवढी पुरे." वीस वर्षं तिनं फादरांच्या भाकरी थापल्या, आणि रविवारी दाराजवळ बसली. चैत्रात ती गेली तेव्हा फादर मथायस यांनी कोणाला न विचारता तिला भिंतीकडेला पुरलं. शेजारच्या जागेकडे बोट करून म्हणाले, "ही तुझी." कागदावर काही नव्हतं. नवे फादर नाही म्हणाले तर ती तिथं एकटी आणि हा दुसरीकडे.

धावजीनं चाळीस नावं उतरवली. एकेचाळिसावं, बाप्तिस्मा झाल्यासारखं दिसावं म्हणून, स्वतःच घातलं: मारिया रुखमा. लिहून वाचलं, तर भलत्याच बाईचं वाटलं. तरी ठेवलं.

आदल्या दिवशी तो कबरी घासून चुना लावत होता, तेव्हा मदतीला आलेली बेबीताई म्हणाली, "काहून घासून राह्यले इतकं, धावजीभाऊ? वहिनीले पाह्याले पाव्हणे येऊन राह्यले काय?"

"येऊन राह्यले," तो म्हणाला.

त्या सकाळी लोक अर्ध्या मनानं जमले. कापसाला भाव नव्हता, पण बोंडं फुटली होती आणि वेचणी थांबत नव्हती. फादर नावं घेत भिंतीशी आले. "मारिया रुखमा."

"हे मारिया कोन?" बेबीताई शेजारणीला म्हणाली. हळू बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

फादरांनी कागदावरून मान वर केली. सगळे धावजीकडे पाहू लागले. त्यानं हातातली पाण्याची बादली खाली ठेवली.

"नाव चुकलं, फादर," तो म्हणाला. "रुखमाबाई. माही बायको. तिचा बाप्तिस्मा नव्हता झाला. मारिया म्या लिवलं. तिले चाललं नसतं."

फादरांनी खिशातला पेन काढला, पहिला शब्द खोडला. "रुखमाबाई," म्हणाले आणि पाणी शिंपडलं. मग पुढच्या कबरीकडे गेले.

सगळं आटोपल्यावर धावजीनं त्यांना फाटकात गाठलं. "तिच्या बाजूची जागा मले देतो म्हनले होते जुने फादर."

"लिहून दिलं होतं?"

"नाही."

फादरांनी नावांच्या कागदाची घडी घातली. "मी नवा आहे, धावजी. बिशपांना विचारावं लागेल. आज हो म्हणता येत नाही. नाहीही म्हणत नाही."

"कवा कळन?"

"ते सांगता येत नाही."

"बरं," धावजी म्हणाला.

लोक वेचणीला निघून गेले. बेबीताई जाता जाता म्हणाली, "जेवाले या आज घरी." तो हो म्हणाला, पण गेला नाही. आधी असलं काही झालं की तो घरी जाऊन चुलीपुढे सांगायचा आणि रुखमाबाई मधेच म्हणायची, असं नाही, पहिल्यापासून सांगा. तो माघारी फिरला, कबरीपाशी उकिडवा बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.