संत्र्यातलं पाणी

सकाळी बापूजींचं वजन पुन्हा वाढलेलं पाहून मिनल सिस्टर वैतागली. हृदय कमजोर असल्यानं त्यांच्या अंगात पाणी साचायचं, म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजूनच प्यायला सांगितलं होतं. आज वजन उतरलं असतं तर बागेच्या तोडणीसाठी काटोलला जायला त्यांना दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती.

"बापूजी, चोरून पाणी प्यालात ना?"

"देवाशपथ नाही वं पोरी! हा जग पाह्य, भरलाच हाय."

जग खरंच भरलेला होता. पण उशीखालून घमघमाट येत होता. मिनलनं उशी उचलली, तर सालींचा हा ढीग आणि तीन-चार संत्री!

"संत्री खाल्ली मी. पाणी कुठं पेलो?"

मिनलनं उरलेल्यांतलं एक संत्रं त्यांच्यासमोरच औषधाच्या पेल्यात पिळलं. पेला भरून वर ओघळला. बापूजींचा चेहरा फुलला.

"पाह्य, केवढा रस! आपल्या बगीच्यातलं हाय!"

"त्याच रसात तुमची आजची सुट्टी बुडाली."

बापूजींनी पेला हळूच तिच्याकडे सरकवला.

"मंग हा तूच पे. तुह्या वजनाशी डॉक्टरले काय करायचं हाय?"

मिनलनं हसू दाबत रस संपवला आणि बाकीची संत्रीही एप्रनच्या खिशात कोंबली.