आरशावर उमटलेला आजार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. श्वासगुरू म्हणवणारे गृहस्थ एकेकाच्या तोंडासमोर एकेक नवा हातभर आरसा धरत होते.

"फुंका! सुया टोचायचे दिवस गेले. श्वासाच्या लहरी आजाराचं नाव स्वतःच लिहितात!"

माणूस फुंकायचा, काच धुरकटायची आणि त्यात अक्षरं उमटायची. दमा. संधिवात. पित्त. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, वही काखेत धरून. वीस वर्षांच्या बातमीदारीत मी मंत्र्यांच्या आकड्यांवर कधी विश्वास ठेवला नाही. आरशावर ठेवला.

माझ्या ताईने फुंकलं आणि 'मधुमेह' उमटला. गुरूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुसरा आरसा मागवला. पुन्हा फुंकलं. 'मुक्त'! तो आरसा तिला घरी न्यायलाही मिळाला. दुसऱ्या दिवशी माझी बातमी पहिल्या पानावर झळकली आणि ताईने इन्सुलिन बंद केलं.

"भाऊ तपासल्याशिवाय लिहीत नाही," तिने भावजींना ठणकावलं.

तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येत होता. मी गुरूंना फोन लावला.

"सुगंध सुटला? शरीर शुद्ध होतंय!"

मी तेही टिपून घेऊ लागलो. भावजींनी वही हिसकावली. "बातमी नंतर कर. आधी गाडी काढ!"

दवाखान्यात डॉक्टरबाई ताईच्या तोंडाजवळ वाकल्या. "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" लगेच रक्त तपासलं, सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. "थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या," त्या म्हणाल्या. "श्वासावरून आजाराचा अंदाज येतो, ते खोटं नाही. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं, तेव्हा असा वास येतो. पण खात्री रक्त तपासूनच करायची."

ताई जरा सावरल्यावर मी भीत भीत तिच्या घरून आरसा आणून दाखवला. बाईंनी त्यावर फुंकलं. 'मुक्त'.

"मला मधुमेह नाही. मी कशातून मुक्त झाले?"

भावजींनी फुंकलं. 'मुक्त'. दुसऱ्या माणसाला विचारून खातरजमा करायची, हे मी नवख्या बातमीदारांना रोज शिकवतो. दुसऱ्या कुणाची फुंकर मात्र मला सुचली नव्हती.

बाईंनी ओल्या साबणाने खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी लिहिलं, वाळू दिलं, हलकेच पुसलं. "साबण लागलेल्या जागी वाफेचे थेंब धरत नाहीत, तेवढीच काच स्वच्छ राहते. तिथे यांचा आजार आधी कोणी विचारला होता?"

"फॉर्मवर लिहून घेतला होता. अर्धा तास आधी. मीच भरला, सुवाच्य अक्षरात."

"मग फुंका आता."

फुंकलं. काचेवर 'बातमीदार' उमटलं. निदान अचूक होतं.

ताई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "ती बातमी पहिल्या पानावर होती ना? मग हेही तिथेच छाप. माझ्यासारखी कितीजणं घरी बसली असतील."

छापलं. शेवटी एवढंच लिहिलं: तुमच्या आरशावर शेजाऱ्याला फुंकायला लावा. आणि काचेवर काहीही उमटो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. वर्तमानपत्रात छापून आलं असलं, तरीही.