चारशे बारा मुलांचं पान

काराकोलच्या चित्रशाळेची जुनी वेबसाइट तिथे शिकवणाऱ्या सालिका एजेंनी (आमच्याकडे बाईंना एजे, म्हणजे ताई, म्हणतात) वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी केली होती, लोकरीचं जाजम, नमदा, करतात तशी. नमद्याचे दोन रंगांचे थर एकदम कापतात, एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बसवतात, त्यामुळे कापलेलं काही वाया जात नाही. एजेंच्या पानांवरही बोटभर जागा मोकळी नव्हती. लाल काठ, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात गरगरणारी मेंढ्याच्या शिंगांची नक्षी! बघणाऱ्याचे डोळे दुखत, पण उद्या वर्गात कागद आणायचा की माती, हे पहिल्याच ओळीत कळे. काय दिवस होते ते! एक फोटो चढेपर्यंत एजेंचं जेवण उरकायचं.

आता त्यांचाच जुना विद्यार्थी बेक्तुर बिश्केकहून नवी वेबसाइट घेऊन आला होता. सोमवारी जुनी बंद होणार होती.

"हे काय रे, बर्फ पडलाय का?" पांढरंफेक पान बघून एजे म्हणाल्या.

"डोळ्यांना विसावा नको का, एजे?"

"विसावा तुझ्या डोळ्यांना दे. मुलांचं पान कुठाय?"

बेक्तुरनं मान खाली घातली. जुन्या साइटवर शिकून गेलेल्या चारशे बारा मुलांची नावं होती, प्रत्येकाचं एकेक चित्र. नव्या साइटवर बाराच होती, सगळी बक्षीसवाली.

"ती चित्रं धूसर आहेत, एजे. ते पान उघडायला युग लागतं."

"या बारांत तू कुठायस?"

"मला कधी बक्षीस मिळालं?"

एजेंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी किटली उचलली आणि त्याचा पियाला काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात, पुन्हा पुन्हा. काठोकाठ भरला की त्यानं समजून उठायचं. बेक्तुरला समजलं, पण तो उठला नाही. कढत चहा तो घटाघटा प्यायला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॉस्कोला तीन वर्षं गोदामात होतो मी," तो म्हणाला. "मुकादम नुसतं 'ए, तू!' करायचा. नावानं कधी हाक नाही. जेवणाच्या सुट्टीत मी हे पान उघडायचो. माझं नाव येईपर्यंत अर्धी सुट्टी संपायची. पण यायचं."

एजेंना गलबलून आलं. "मग मेल्या, तेच पान काढून टाकलंस?"

"मला वाटलं, माझ्याशिवाय ते बघतंय कोण!"

 वर्गाआधी रोज एजे स्वतः ते पान एकदा उघडत. ते किती वेळा उघडलं गेलं याचा आकडा तळाशी दिसे, आणि तो रोज साठ-सत्तरनं वाढलेला असे. इतकी वर्षं त्या समजत होत्या, मोजायचं यंत्र बिघडलंय.

त्यांनी बेक्तुरला तो आकडा दाखवला.  मग त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि नव्या साइटवर एक कोरं पान उघडलं.

"नावं वाचा, एजे. पहिल्यापासून."

"बुरुल," एजे वाचू लागल्या. "ही आता इस्तंबूलला असते. कपडे शिवते."