वेळामावस्येची पंगत

महिनाभर झाला, मामंजींचं जेवण सुटल्यातच जमा होतं. माझे सासरे बसलिंगप्पा एकेकाळी चार भाकरी खाणारे, आता भात चिवडून ताट सरकवायचे. वेळामावस्येला मी हट्टानं भज्जी, पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची घोटीव भाजी, केली. मॉलमधून प्लास्टिकात गुंडाळलेला पाला आणि सोललेले दाणे आणले, कुठल्या गावचे कोण जाणे. त्यांनी एक घास घेतला.

"ह्याला रानच न्हाय, महेश्वरी."

मी भडकलेच. सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर रान कुठून आणू?

तरी दुपारी रिक्षा केली. या दिवशी निम्मं शहर शेतात जेवायला जातं, आणि आलेल्याला कुणी उपाशी सोडत नाही. पण मामंजींना आपल्याच शेतात जायचं होतं. ते विकून कैक वर्षं झाली, तिथं प्लॉट पडले, हे त्यांच्या डोक्यात राहत नाही. सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. शेवटी रिक्षा तिकडंच नेली.

उन्हात धूळ तरंगत होती. प्लॉटच्या पांढऱ्या दगडांमधून ज्वारी उभी होती. मेंढरं राखणाऱ्या गोजाबाईनं प्लॉटवाल्याला विचारून ती पेरली होती. कडब्याची खोप, पुढं पूजा, भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं.

"या की, जेवायला या," ती म्हणाली. कोण, कुठले, काही विचारलं नाही.

मामंजी बसलेच नाहीत. धोतर खोचून त्यांनी पळी उचलली. शेताचा मालक आधी पाहुण्यांना वाढतो, आपण शेवटी जेवतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामंजी, अहो, हे आपलं..."

गोजाबाईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. नवऱ्याला, लेकीला ओळीत बसवलं आणि स्वतःही पदर सावरून पाहुणीसारखी बसली.

"वाढा की, मालक."

ते वाढत राहिले. वाऱ्यानं ज्वारीची ताटं हलत होती, लांब कुठंतरी मेंढरांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. सगळं इतकं संथ चाललं होतं, की मलाही ते दगड दिसेनासे झाले. मी गुपचूप मांडी घातली.

सगळ्यांचं होत आलं तसे मामंजी गोजाबाईजवळ थांबले.

"बाई, तुजं रान कुटं हाय?"

गोजाबाईनं पलीकडं हात केला.

"हितंच की. तुमच्या बांधाला लागून."

"मग बरं हाय. शेजार असावा."

ते खाली बसले, भाकरी मोडली आणि भज्जीत बुडवली. "अजून एक भाकरी दे गं," म्हणून त्यांनी गोजाबाईपुढं हात केला, तेव्हा मला रडू आवरलं नाही.