फाटकापुढची घाई

मी रेल्वेचं फाटक बोलतोय. मलकापूरच्या अलीकडे, दोन गावांच्या मधल्या डांबरी रस्त्यावर माझा मुक्काम आहे. उघडा असलो की कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बंद झालो की मात्र सगळ्यांना दिसतो आणि लगेच माझ्या आईबहिणीचा उद्धार सुरू होतो. मला आईबहीण नाही, त्यामुळे मी ते मनाला लावून घेत नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. लोखंडी नळ्या कापल्या, जोडल्या, वर तांबडा-पांढरा रंग दिला आणि मालगाडीत आडवं घालून मला इथे आणलं. रुळांच्या दोन्ही अंगांना माझे दोन लांब दांडे बसवले. शेजारी केबिन झाली, केबिनीत फोन आला आणि माझं हँडल फिरवायला गेटमन आला. स्टेशनमास्तरचा फोन आला की त्याने मला खाली उतरवून कुलूप लावायचं. गाडी गेली की वर उचलायचं. उरलेलं काम लोकांचं. त्यांनी फक्त थांबायचं असतं, पण नेमकं तेच त्यांना जमत नाही.

थांबलेला माणूस कसा असतो ते पाहावं तर माझ्याजवळ उभं राहून. तो आधी इंजिन बंदच करत नाही. मग घड्याळ पाहतो. मग हॉर्न वाजवतो. आगगाडी हॉर्न ऐकून लवकर जात नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी वाजवतो. जबडा आवळलेला, खांदे कानांपर्यंत चढलेले, मानेची शीर तट्ट फुगलेली, आणि श्वास वरच्या वर. कुणी मोटरसायकल आडवी करून माझ्याखालून घुसतो आणि पलीकडे गेल्यावर पहिल्याच टपरीवर चहा पीत बसतो. माझ्या डोळ्यांदेखत! एवढा जीव धोक्यात घातला तो त्या अर्ध्या कपासाठी.

या सगळ्यांत मोठा आवाज कडूबाचा. कडूबा काळी-पिवळी प्रवासी जीप चालवतो. गाडीत दाटीवाटीने माणसं, टपावर गाठोडी आणि खिशात कायम ॲसिडिटीच्या गोळ्या. फाटक लागलं की एक गोळी तोंडात टाकायची आणि खिडकीतून डोकं काढून ओरडायचं, हा त्याचा नेम.

"काऊन हो गफ्फारभाई, मालगाडी मुंबईवून निंगाली तवाच फाटक लावलं का तुमी? आमाले पोट नाही का?"

गफ्फारभाई म्हणजे माझा गेटमन. आगगाडीला शिव्या देता येत नाहीत, म्हणून लोक त्याला देत. तो उलटून बोलत नसे. "दोन मिनिट, भाऊ," म्हणायचा आणि हिरवी झेंडी घेऊन उभा राहायचा. लोकांना वाटे, मोठा शांत माणूस आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पण गिळलेलं कुठंतरी जातंच. आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा वाढला. नंतर डबा तसाच परत जाऊ लागला. कुलूप लावून केबिनीपर्यंत गेला की तो माघारी यायचा, कुलूप ओढून पाहायचा, पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. लागलेलं असायचं. त्यालाही दिसायचं की लागलेलं आहे. तरी हात राहत नसे. एक चूक आणि रस्त्यावर प्रेतं, हा विचार त्याच्या डोक्यात घर करून बसला होता. विचार खोटा नव्हता. पण चोवीस तास डोक्यावर वाहायचं ते ओझं नव्हे.

घरून बायकोचा, गुलनारचा फोन यायचा. मला इकडचंच ऐकू येई. "नाही, डोकं नाही दुखत... झोप लागली होती थोडी... नाही बोलणार डॉक्टरले, कायले बोलू?" फोन ठेवला की तो डोक्याला रुमाल करकचून बांधायचा.

असाच एकदा तो मलकापुरात एका औषधाच्या दुकानात हात पुढे करून बसला. यंत्राने बीपी बराच वाढलेला दाखवला. दुकानदार म्हणाला, आजच डॉक्टरकडे जा. आणि नेमकी त्याच आठवड्यात नोकरीतली वैद्यकीय तपासणी आली होती. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, तपासणी आयतीच आहे. गफ्फारभाईच्या मनात उलटंच आलं. बीपी निघाला तर फाटकावरून काढतील. आजवर आपल्या हातून एकही गफलत झाली नाही, आणि लोक म्हणतील, गफ्फार नापास झाला.

तानुबाई रुळाकडेच्या बांधावर बकऱ्या चारायला येते. तिला बीपीचा जुना आजार. आपल्याकडे मिरच्या, विरजण आणि बीपीच्या गोळ्या या तीन गोष्टी शेजाऱ्याकडे मागायला कुणी लाजत नाही. गफ्फारभाईने मागितल्या. तानुबाईने पदराची गाठ सोडली.

"घे बाप्पा. मले तं एका गोळीत उतार पडते. तुह्यं वय जवान हाय, तू दोन घे."

तिचा हेतू चांगला होता. गोळीच्या पोटात मात्र हेतू नसतो, औषध असतं.

तपासणीच्या दिवशी त्याला दुपारी जायचं होतं. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून सकाळपासून पोटात काही नाही. तशात त्याने दोन्ही गोळ्या घेतल्या आणि माझं हँडल फिरवायला आला. ऊन चढलं होतं. भुसावळकडून गाडी येत होती. त्याने मला बंद केलं, कुलूप लावलं, झेंडी उचलली. गाडी गेली. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी इंजिनं घरघरवली, आणि मी उघडलोच नाही.

गफ्फारभाई कुलूप ओढून पाहायला हँडलपाशी आला होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्याने माझ्या खांबाला धरलं आणि हळूच खाली बसला. मी लोखंडाचा. मला माणसाला धरता येत नाही. तेव्हा पहिल्यांदा मला या गोष्टीचं वाईट वाटलं.

मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. कडूबा तणतणत उतरला. "ओ भाई! बसले काय? गाडी गेली न! किल्ली द्या इकडं, मी उघडतो."

गफ्फारभाईने किल्ली मुठीत घट्ट आवळली. शब्द ओठांतून कसेबसे निघाले. "नोको, कडूबा. अकोल्याकून दुसरी येऊन राह्यली."

कडूबाने रुळाकडे पाहिलं. रूळ मोकळे होते. मग त्याने गफ्फारभाईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो त्याच्याकडे नीट पहिल्यांदाच पाहत होता. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे, आणि मूठ मात्र सुटत नव्हती.

कडूबा वळला आणि सगळ्या रांगेवर ओरडला, "बंद करा बे हॉर्न! माणूस पडला इथं!"

आवाज थांबले. एकेक इंजिन बंद झालं. कुणी पाणी आणलं, कुणी त्याला सावलीत आडवं करून पाय उंच ठेवले. कडूबाने केबिनीतला फोन उचलून स्टेशनमास्तरला सांगितलं, "तुमचा माणूस चक्कर येऊन पडला. लवकर दुसरा पाठवा. नाही नाही, फाटक बंदच हाय. किल्ली त्यायच्याच हातात हाय." तेवढ्यात अकोल्याकडून दुसरी गाडी धडधडत आली आणि गेली. कडूबा माझ्या दांड्याला टेकून तिचा एकेक डबा पाहत होता. ती गेल्यावरही त्याला जागचं हलवेना.

बदलीचा माणूस येईपर्यंत मी बंद होतो. एवढा वेळ मी कधीच बंद राहिलो नसेन. त्या दिवशी माझ्याखालून कुणी घुसलं नाही.

गफ्फारभाई ज्याला भीत होता तेच झालं. दवाखान्यात त्याने सगळं खरं सांगितलं आणि त्याला फाटकावरून काढून स्टेशनात बसून करायचं काम दिलं. आठ-पंधरा दिवसांनी तो सायकलवरून इथून जाताना थांबला. कडूबाची गाडी उभीच होती.

"डाक्टरीणबाईनं झापलं मले," तो हसून सांगत होता. "म्हने, दुसऱ्याची गोळी घेतली, वाचला हे नशीब. माह्यी गोळी अलग निंगाली. खर्रा बंद, मीठ कमी, रोज पायी फिरनं. आन् म्हने, बैल आंगावर आला तं पळाले जोर येते, ते चांगलं हाय. पण तुमच्या आंगाले वाटते का बैल रोजच येऊन राह्यला. मंग काळीज थकते, पोट बिघडते, झोप उडते. मनातलं घरी बोलत जा म्हने. मी गुलनारले सगळं सांगतलं. लय रागावली. मंग रात्री मले मस्त झोप लागली."

कडूबा खिशातली गोळी काढता काढता थांबला. "डाक्टरीणबाई कुठं बसते म्हनले?" त्याने विचारलं.

मी आता जुना झालोय. रंगाचे पोपडे निघालेत. इथे खालून बोगदा होणार आहे, मोजमाप करून गेलेत, म्हणजे माझे दिवस भरत आले. तोवर एवढंच मागतो. माझ्यापुढे आलात तर इंजिन बंद करा, मूठ सोडा, खांदे खाली घ्या, पोटातून एक श्वास सोडा. खरीच घाईची वेळ कधी येईल ते कुणाला सांगता येत नाही, पण बहुतेक वेळा तुम्हाला पलीकडे फक्त चहाच प्यायचा असतो.

आता माझ्यावर करिष्मा आहे. नवी गेटमन, गावातलीच पोर. परवा दोन गाड्या लागोपाठ होत्या. पहिली गेली, मी बंदच राहिलो, आणि रांगेतून शिव्याशाप सुरू झाले. ती कुलूप ओढून पाहायची, केबिनीकडे जायची आणि पुन्हा माघारी यायची. गफ्फारभाई सायकल लावून माझ्या दांड्यापाशी उभा होता.

"डबा खाल्ला का, बेटी?"

तिने मान हलवली. नाही.

"दुसरीले टाइम हाय न? फोनजवळ बस आन् दोन घास खाऊन घे. कुलूप लागलेलं हाय, मी पाहून राह्यलो इथून. तू नको पाहू."

करिष्मा केबिनीच्या पायरीवर बसली. तिने डबा उघडला. भाकरीचा पहिला तुकडा मोडला तोच मागून कुणीतरी जोरात हॉर्न मारला.

काळी-पिवळीच्या खिडकीतून कडूबाचं डोकं बाहेर आलं.

"थांब बे जरा! दिसत नाही का, पोरगी जेवून राह्यली!"