परसातली गाजरं

सासूबाईंना आपल्या परसातल्या गाजरांचा भारी अभिमान. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा त्याच जागेवर जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आतलं पाणी तिथेच ओतायचे. पण पाला असा तरारलेला की सासूबाई येईल-जाईल त्याला ऐकवायच्या, "माती वाईट असती तर हे उगवलं असतं का?" सुनेला दिवस गेल्यापासून रोज दुपारी वाटीभर किसलेलं गाजर तिच्या खोलीत पोचायचं आणि वाटी लख्ख रिकामी परत यायची. सासूबाई खूश.

सासूबाईंच्या नणंदेची मुलगी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बॅटऱ्यांची हकिकत कानावर आली तशी तिने परसातलं सगळं थोडंथोडं तपासायला नेलं, आणि आज पडलेल्या चेहऱ्याने परत आली.

"मामी, मातीत शिसं आहे. भरपूर."

"काहीतरीच तुझं! मग झाडं जळून गेली नसती?"

"झाडं पक्की असतात. शिसं मुळांतच कोंडून ठेवतात, वर फारसं चढू देत नाहीत. म्हणून तर पाला हिरवागार. टोमॅटोत जवळजवळ काहीच सापडलं नाही."

"आणि गाजरात?"

"गाजर म्हणजे मूळच ना, मामी."

पोटातल्या बाळाला आपण आपल्या हातांनी विष भरवलं! सासूबाईंना रडू आवरेना.

दारात उभ्या सुनेची मघापासून चुळबुळ चालली होती.

"आई, रागावू नका. मला गाजराचा वाससुद्धा सहन होत नाही. तुम्ही एवढ्या हौसेने किसायचात, नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. मी रोज मागच्या दाराने जाऊन वाफ्यात पुरून यायचे."

"एकही घास नाही खाल्लास?"

"शप्पथ, एकही नाही."

एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सुनेला घट्ट कवटाळलं.

"लबाड कुठली! बरं झालं गं बाई, मला फसवलंस!"

"वहिनी, तू तर झाडांच्या वरताण निघालीस," भाची हसायला लागली. "नको ते गुपचूप मातीत, आणि वर टवटवीत! तरी रक्त तपासून घेऊ हं."

रक्तातही काही निघालं नाही. सासूबाईंनी वाफ्याला कुलूपबंद कुंपण घातलं. दुपारी सवयीने वाटी उचलली, सुनेच्या दारापर्यंत रिकामीच नेली आणि लग्न होऊन ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय आवडतं गं?"