चौकटीबाहेरचा वारा

सूर्य बुडाला तरी थोरलीचा पाय गच्चीवर ठरेना. कॅमेऱ्यापाशी जायची, परत कठड्यापाशी यायची. किनाऱ्यावर रॉकेट सज्ज होतं. ते उंच जाऊन पांढऱ्या वाफेची रेघ सोडणार. खाली अंधारलं तरी तिथे ऊन असतं. त्यात रेघ उजळणार आणि वारा नेईल तिकडे वाहणार. तिचे फोटो दोन गावांहून एकाच वेळी काढायचे. एका डोळ्याने अंतर कळत नाही, तशी एका कॅमेऱ्याने उंची कळत नाही. दुसरा कॅमेरा धाकट्या बहिणीकडे, दूरच्या टेकडीवर.

सूर्य खवळला की वरचा वारा बिथरतो, उपग्रहांच्या वाटा ढळतात. त्या वाऱ्याचा वेग हाती लागावा म्हणून हा खटाटोप. पण रोज थोरलीच्या डोक्यावर ढग, आणि रोज ती फोनवर "नको" म्हणायची. आजची संध्याकाळ शेवटची. रॉकेट पडणार म्हणून बंद ठेवलेला समुद्र उद्यापासून मच्छीमारांना मोकळा करायचा होता.

"काय नकारघंटा, आज तरी तोंड गोड करणार का?" किनाऱ्यावरून, रॉकेट सोडणाऱ्या साहेबांनी फोनवर विचारलं.

"ढग पश्चिमेला आहे. बाकी मोकळं आहे."

"हो म्हण गं ताई!" त्याच फोनवर धाकटी ओरडली. "मी इथे डासांना रक्तदान करतेय."

थोरली कॅमेऱ्यापाशी गेली. "सोडा."

साहेबांनी फोन ठेवला, रॉकेट सुटलं. रेघ उमटली. खटाखट फोटो निघू लागले. पण रेघ मधोमध वाकली आणि तिचं वरचं टोक भलतीकडेच सुसाट धावलं. इतका वारा कुणी हिशेबात धरलाच नव्हता.

"ताई, दिसतेय ना?"

"चौकटीतून निसटतेय!"

"मग वळव की!"

एकदा रोखलेला कॅमेरा हलवायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. तो कुठे रोखला होता, ते त्याच चौकटीत मागाहून येणाऱ्या ताऱ्यांवरून ठरतं. आणि तारे अजून उगवले नव्हते. हलवला तर आधीचे फोटो पाण्यात. नवीन चौकटीत तारे यायच्या आत ढग आला, तर नवीन फोटोही.

"तारे नाही आले तर?"

"तारे म्हणजे काय साहेबांची सही आहे, अडकून राहायला? वळव!"

थोरलीने कॅमेरा वळवला, स्क्रू आवळला. रेघ विरेपर्यंत फोटो घेतले. मग चुकून धक्का लागू नये म्हणून हात पाठीमागे बांधून उभी राहिली. ढग सरकत येत होता. एक तारा लुकलुकला. बऱ्याच वेळाने दुसरा. दोनांवर भागत नाही, तिसरा हवा. ढगाने चौकटीचा कोपरा गिळला. ती मनातल्या मनात त्याला शिव्या घालू लागली. एवढ्यात वरच्या कडेला फिकट ठिपका दिसला. कॅमेऱ्याने तो टिपला, आणि मग नुसता ढगच उरला.

"ताई? अगं, बोल ना काहीतरी!"

"तीन आले," थोरली म्हणाली. "साहेबांना फोनवर घे. कॅमेरा हलवला, हे माझ्याच तोंडून कळू दे त्यांना."